निर्यातबंदीचा फटका बाजार समितीला, ग्रामपंचायतीला आणि राज्याच्या तिजोरीला कसा बसतो

प्रश्न असा आहे: आयात-निर्यातीचं धोरण ठरवतं केंद्र सरकार. मग निर्यातबंदी आली, निर्यात शुल्क लागलं किंवा समोरच्या देशाने आपल्या मालावर कर वाढवला, की राज्य सरकार, बाजार समिती आणि ग्रामपंचायत यांचं गणित नेमकं कुठे बिघडतं? आणि धोरणावर काडीचाही अधिकार नसलेल्या या संस्थांना करता काय येतं?

हे समजून घ्यायला कांद्याइतकं स्वच्छ उदाहरण नाही. म्हणून उत्तराचा मोठा भाग नाशिक जिल्ह्यातल्या कांद्यावर आहे. संत्री, गोव्याचं लोहखनिज आणि नगरपालिकांच्या निविदा यांत जेवढं वेगळं आहे, तेवढंच नंतर घेतो.

आधी अधिकार. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत परदेशांशी व्यापार केंद्र सूचीत आहे, नोंद 41. सीमाशुल्क, त्यात निर्यात शुल्कही आलं, नोंद 83. शेती मात्र राज्य सूचीत, नोंद 14. बाजार नोंद 28. स्थानिक स्वराज्य संस्था नोंद 5. त्यावर कलम 253 आहेच: परदेशाशी केलेला करार अमलात आणायला संसद राज्य सूचीतल्या विषयावरही कायदा करू शकते. व्यवहारात याचा अर्थ असा, की कांदा शेतात, चाळीत (म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) आणि लिलावात असेपर्यंत राज्याचा, आणि बंदराच्या वाटेला लागला की केंद्राचा. पीक पाहणी, बाजार, अनुदान, रास्ता रोको, बंदोबस्त हे सगळं राज्याच्या आणि स्थानिक संस्थांच्या अंगावर. भाव एका रात्रीत हलवणारा एका पानाचा आदेश दिल्लीचा.

पैशाची वाटणी याहून बोलकी आहे. निर्यात शुल्क केंद्राच्या तिजोरीत जमा होतं आणि वित्त आयोगाने ठरवलेल्या सूत्राने राज्यांना वाटलं जातं. पंधराव्या वित्त आयोगाने 2021-26 साठी राज्यांचा एकत्रित वाटा 41 टक्के धरला आणि त्या 41 टक्क्यांत महाराष्ट्राचा वाटा 6.317 टक्के. आता हिशेब करा. नाशिकच्या कांद्यावर 100 रुपये निर्यात शुल्क वसूल झालं तर सगळ्या राज्यांना मिळून 41 रुपये, आणि त्यातले महाराष्ट्राला 2 रुपये 59 पैसे. तेही वसुलीचा खर्च वजा व्हायच्या आधी. त्याच सूत्रात गोव्याचा वाटा 0.386 टक्के होता. गोव्याच्या खनिजावर 100 रुपये शुल्क घेतलं तर गोव्याच्या वाट्याला 16 पैसे. भाव पडल्याचा भार मात्र जिथला माल तिथेच राहतो.

उपकर आणि अधिभार तर वाटणीत येतच नाहीत. कापसाच्या आयातीवर 11 टक्के शुल्क होतं, ते असं बनलेलं: 5 टक्के मूळ सीमाशुल्क, 5 टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर आणि या दोन्हींच्या बेरजेवर 10 टक्के समाजकल्याण अधिभार, म्हणजे आणखी 1 टक्का. यातलं फक्त पहिलं 5 टक्के राज्यांबरोबर वाटलं जातं. हे सगळं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 पासून माफ झालं. मुदत आधी सप्टेंबरअखेरची होती, ती पुढे 31 डिसेंबरपर्यंत वाढवली. विदर्भ-मराठवाड्यात कापूस वेचणीला येतो तो नेमका याच काळात.

आता कांद्याच्या तारखा. त्या ओळीने वाचल्या तरच नुकसान कसं होतं ते कळतं. 13 सप्टेंबर 2019 ला टनामागे 850 डॉलर किमान निर्यात मूल्य (याहून कमी भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), 29 सप्टेंबरला पूर्ण बंदी, ती उठली 15 मार्च 2020 ला. सहा महिन्यांत, 14 सप्टेंबर 2020 ला पुन्हा बंदी. 1 जानेवारी 2021 ला खुली. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यात शुल्क, ऑक्टोबरच्या अखेरीस 800 डॉलर किमान निर्यात मूल्य, 8 डिसेंबर 2023 पासून बंदी. ही बंदी 31 मार्च 2024 पर्यंत म्हणून जाहीर झाली होती. मुदत संपायच्या आठवडाभर आधी ती ‘पुढील आदेशापर्यंत’ वाढवली. 4 मे 2024 ला निर्यात खुली झाली, पण 550 डॉलर किमान मूल्य आणि 40 टक्के शुल्क ठेवून. म्हणजे परदेशी गिऱ्हाइकाला टन किमान 770 डॉलरला पडणार; तेव्हाच्या दराने किलोला साधारण 64 रुपये, आणि त्यात जहाजाचं भाडं धरलेलं नाही. 13 सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य काढलं आणि शुल्क 20 टक्क्यांवर आणलं, 1 एप्रिल 2025 ला शुल्क शून्य झालं.

निर्णय बरोबर की चूक, हा वाद बाजूला ठेवून फक्त दिवस बघा. डिसेंबरचा पहिला आठवडा म्हणजे लाल कांद्याची आवक वाढत जाण्याचे दिवस. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने धरता येतो, तोही सडघट आणि वजनातली घट सोसून. लाल कांद्याला ती सोय नाही. पाणी जास्त, पापुद्रा पातळ. काढला की दोन-चार आठवड्यांत विकावाच लागतो. त्यामुळे सप्टेंबरात लागलेली बंदी आणि डिसेंबरात लागलेली बंदी कागदावर सारखी दिसली, तरी गावावरचा परिणाम वेगळा असतो. पहिलीत चाळवाला शेतकरी निदान थांबू तरी शकतो. दुसरीत ट्रॅक्टर बाजारात आणावाच लागतो आणि मिळेल तो भाव घ्यावा लागतो. मुदतवाढीने तर उन्हाळ कांदेवाल्यांचाही अंदाज चुकवला. 1 एप्रिलपासून निर्यात सुरू होईल असं धरून ज्यांनी काढणी, मजूर आणि गाड्या ठरवल्या, त्यांचा पहिला माल पडत्या बाजारात गेला.

बंदराजवळची एक गोष्ट बाजार समितीच्या संचालकांनाही बऱ्याचदा माहीत नसते. निर्यात शुल्काचा दर कोणत्या दिवसाचा लागतो? सौदा झाला त्या दिवसाचा नाही, लिलावाचा नाही, शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचा सीमाशुल्क खात्याकडचा अर्ज, भरलं त्या दिवसाचाही नाही. सीमाशुल्क कायद्याच्या कलम 16 प्रमाणे, सीमाशुल्क अधिकारी माल जहाजावर चढवायची परवानगी देतो, ज्याला तिथे ‘लेट एक्स्पोर्ट ऑर्डर’ म्हणतात, त्या दिवशीचा दर. 19 ऑगस्ट 2023 हा शनिवार होता. न्हावा शेवा बंदराच्या वाटेवर, यार्डात किंवा तपासणीच्या रांगेत उभ्या असलेल्या कंटेनरचा सौदा शून्य शुल्काच्या हिशेबाने झालेला होता. परवानगी पुढे ढकलली गेली की त्याच मालावर 40 टक्के. हा फरक परदेशी खरेदीदार देत नाही. तो निर्यातदाराच्या अंगावर, तिथून खळ्यावरच्या (जिथे कांदा निवडून भरला जातो) व्यापाऱ्यावर आणि शेवटी सोमवारच्या लिलावातल्या बोलीवर येतो. त्या सोमवारी, 21 ऑगस्टला, नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले ते उगाच नाही.

बंदीचा आदेश काढतं परकीय व्यापार महासंचालनालय, 1992 च्या कायद्याखाली. परकीय व्यापार धोरणाच्या परिच्छेद 1.05 मध्ये एक संरक्षण आहे: निर्बंध लागायच्या आधी रद्द न करता येणारं पतपत्र (खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशाची हमी) उघडलेलं असेल तर तेवढा माल जाऊ द्यायचा. पण आदेशातच ‘परिच्छेद 1.05 लागू नाही’ असं वाक्य घालता येतं. डिसेंबर 2023 च्या कांद्याच्या आदेशात ते होतं. सवलत फक्त तीन प्रकारच्या मालाला: जहाजावर भरणं सुरू झालेला, शिपिंग बिल भरलेला आणि जहाज बंदरात आलेला, किंवा सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात देऊन नोंद झालेला. म्हणून आदेश आला की पहिली नजर त्या वाक्यावर जायला हवी.

आता बाजार समितीचा हिशेब. बाजार फी, जिला सगळे सेस म्हणतात, विक्रीच्या किमतीवर टक्केवारीने असते आणि ती खरेदीदार भरतो. शेकडा एक रुपया दर धरू. समजा एका समितीत रोज 15,000 क्विंटल आवक आणि सरासरी भाव 3,500 रुपये. उलाढाल 5 कोटी 25 लाख, सेस 5 लाख 25 हजार. बंदीनंतर आवक तेवढीच राहिली आणि सरासरी 1,800 वर आली, तर उलाढाल 2 कोटी 70 लाख आणि सेस 2 लाख 70 हजार. गाड्या तेवढ्याच, काटे तेवढेच, रखवालदार तेवढेच, वीज-पाणी-झाडलोट तेवढीच. उत्पन्न जवळपास निम्मं. शिवाय लिलाव आठ दिवस बंद राहिले तर त्या दिवसांचं उत्पन्न शून्य आणि पगार पूर्ण.

यात भर घालणारी दोन कारणं. जुलै 2016 मध्ये फळं-भाजीपाला आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, त्यात कांदाही आला. आवाराबाहेरच्या खरेदीवर समितीला सेस मिळत नाही. दुसरं, केंद्राने निर्यात रोखली की तोल साधायला राखीव साठ्याची खरेदी जाहीर होते. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के शुल्कापाठोपाठ नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत 2 लाख टन जादा खरेदी 2,410 रुपये क्विंटलने जाहीर झाली. ही खरेदी मुख्यतः शेतकरी उत्पादक कंपन्या आणि सहकारी संघांच्या केंद्रांवर होते, लिलावाच्या आवारात नाही. त्यामुळे बोलीत उतरू शकणारा एक मोठा खरेदीदार बाजारात दिसतच नाही आणि सेसही जातो. ही खरेदी बाजार समितीत, खुल्या लिलावात व्हावी ही मागणी म्हणूनच रास्त आहे.

याहून मोठा धोका पैसे बुडण्याचा. समजा एक व्यापारी रोज 600 क्विंटल 3,000 रुपयांनी घेतो: दिवसाला 18 लाख. नियम तत्काळ पैसे देण्याचा. पण निर्यात जोरात असताना ‘आठ-दहा दिवसांनी देतो’ हे चालून जातं. दहा दिवसांची उधारी म्हणजे 1 कोटी 80 लाख. त्याची समितीकडे असलेली बँक हमी कदाचित दहा-पंधरा लाखांची, तीही परवाना नूतनीकरणाच्या वेळी ठरलेली. कंटेनर बंदरावर अडकला, की धनादेश वटत नाहीत आणि शेतकरी समितीच्या दारात बसतात. तेव्हा समितीच्या हातात असते ती बँक हमी, व्यापाऱ्याचा गाळा आणि खळ्यावरचा माल, जो रोज सडतो आहे. बंदीच्या वर्षात बाजार समितीची अब्रू जाते ती सेस बुडल्याने नाही, या थकलेल्या पट्ट्यांनी, म्हणजे शेतकऱ्यांच्या विक्रीच्या पावत्यांनी. हे पूर्णपणे टाळण्याजोगं आहे. प्रत्येक परवानाधारकाची ‘आजची न दिलेली रक्कम भागिले बँक हमी’ ही एक संख्या रोज संध्याकाळी सचिवासमोर यावी. ती एकाच्या वर गेली की दुसऱ्या दिवशी त्या व्यापाऱ्याची बोली रोख पैशावर. निर्यात तेजीत असताना हे लावलं तरच बंदीच्या दिवशी उपयोग होतो.

गावाकडे वळू. ग्रामपंचायतीला कांद्यावर एक पैसाही कर मिळत नाही. ताज्या कांद्यावर जीएसटीही नाही. तरी फटका बसतो, तो 31 मार्चमुळे. खरिपाच्या पीककर्जाची परतफेड 31 मार्चपर्यंत केली तर व्याजाची सवलत मिळते. ती चुकली तर पूर्ण व्याज आणि पुढच्या हंगामाला कर्ज मिळायची अडचण. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुलीही मार्चअखेरलाच जोर धरते. 8 डिसेंबर ते 31 मार्च ही बंदी नेमकी या दोन्ही वसुल्यांच्या आधीच्या पावणेचार महिन्यांवर पडली. घरात आलेला पैसा आधी सोसायटीला, मग दुकानदाराला, मग मजुरांना; पाणीपट्टी सगळ्यात शेवटी. पाणीपट्टी थकली की नळपाणी योजनेचं वीजबिल थकतं, आणि ते एप्रिल-मे मध्ये, जेव्हा पंप सर्वांत जास्त चालतो. निफाड, चांदवड, येवला, देवळा भागातल्या सरपंचांनी अंदाजपत्रक करताना ‘यंदा कांद्याची निर्यात चालू आहे की नाही’ हा प्रश्न विचारायलाच हवा. वीजबिलाचे चार महिन्यांचे पैसे डिसेंबरच्या आत बाजूला काढून ठेवणं एवढी एक गोष्ट केली तरी उन्हाळा निभतो. खळ्यावर निवडणी-भरणी करणाऱ्या बायांची मजुरी थांबते, हा दुसरा परिणाम. त्यासाठी रोजगार हमीची मंजूर कामं आधीच हाताशी लागतात. मागणी आल्यावर अंदाजपत्रक करायला बसलं तर हंगाम निघून जातो.

राज्य सरकारच्या वाट्याला दोन कामं येतात: केंद्राचा आदेश राबवणं आणि नुकसान भरून देणं. पहिल्याचं उदाहरण 23 ऑक्टोबर 2020. घाऊक व्यापाऱ्याला 25 टन आणि किरकोळ विक्रेत्याला 2 टन अशी साठामर्यादा आली. राबवायची जबाबदारी जिल्हा प्रशासन आणि पुरवठा खात्यावर. 25 टन म्हणजे किती? एका ट्रॉलीत 20-25 क्विंटल धरले तर दहा-बारा ट्रॉल्या. चाळीस फुटी कंटेनरात साधारण 28-29 टन कांदा बसतो, म्हणजे या मर्यादेत एक कंटेनरही भरत नाही. मोठ्या बाजारातला व्यापारी एवढा माल एका सकाळी घेतो. त्यामुळे व्यापाऱ्यांनी लिलावातून अंग काढलं आणि मध्ये सापडले जिल्हाधिकारी: कारवाई केली तर बाजार बंद, नाही केली तर केंद्राचा आदेश मोडला. मर्यादा प्रतवारी-भरणीचा काळ धरून असावी, हे दिल्लीला आधी सांगायचं काम राज्याच्या पणन खात्याचं होतं आणि आहे.

दुसऱ्याचं उदाहरण 2023 चं सानुग्रह अनुदान. तेव्हा निर्यातबंदी नव्हती, भाव पडले होते ते आवक फुगल्यामुळे, पण यंत्रणा तीच. 1 फेब्रुवारी ते 31 मार्च 2023 या काळात विकलेल्या लाल कांद्याला क्विंटलला 350 रुपये, एका शेतकऱ्याला 200 क्विंटलपर्यंत, म्हणजे जास्तीत जास्त 70,000 रुपये. सगळा पैसा राज्याचा. अडचण आली ती कागदांत. सातबाऱ्यावर पीक पेरा म्हणून कांद्याची नोंद लागत होती, आणि उशिरा लावलेल्या कांद्याची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) अनेकांनी केलेलीच नव्हती. पट्टी मुलाच्या नावावर, सातबारा वडिलांच्या, बँक खातं तिसऱ्याच्या. हे निस्तरण्यात तलाठी, कृषी सहायक, ग्रामसेवक आणि बाजार समितीचे कारकून यांचे महिने गेले. पैसा मंजूर असूनही उशिरा पोचतो तो यामुळे. म्हणून ग्रामपंचायतीने हंगामात एकच मोहीम घ्यायची असेल तर ती ई-पीक पाहणीची घ्यावी, आणि समितीने आवक-नोंदीच्या खिडकीवर गट क्रमांक आणि सातबाऱ्यावरचं नाव टिपायला सुरुवात करावी. खिडकीवर अर्धं मिनिट जास्त लागेल.

नुकसान परदेशाच्या धोरणामुळे झालं तरी बिल राज्याकडेच येतं. बांगलादेश हे नागपुरी संत्र्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. 2019 मध्ये किलोला 20 रुपयांच्या घरात असलेलं तिथलं आयात शुल्क 2023 पर्यंत 88 रुपयांवर गेलं. वरूड-मोर्शीच्या बागांतून माल उचलला जाईना. तेव्हा डिसेंबर 2023 मध्ये राज्य सरकारने या शुल्काच्या निम्मे, म्हणजे किलोला 44 रुपये अनुदान द्यायचं ठरवलं. हेतू चांगला, गरज खरी. पण रचना बघा: दुसऱ्या देशाने लावलेला कर महाराष्ट्राच्या तिजोरीतून. शुल्क आणखी वाढलं तर अनुदानही वाढवणार का, याला उत्तर नाही. शिवाय शेतमालाच्या निर्यातीला थेट अनुदान न देण्याचं जागतिक व्यापार संघटनेच्या नैरोबी परिषदेत डिसेंबर 2015 मध्ये ठरलं आहे. विकसनशील देशांना निर्यातीच्या वाहतुकीवर आणि विपणनावर खर्च करायची जी मुभा होती, तीही 2023 च्या अखेरपर्यंतच. अनुदान राज्याचं असलं तरी जाब भारताला द्यावा लागतो. साखरेच्या वादात ते दिसलं आहे: ऑस्ट्रेलिया, ब्राझील आणि ग्वाटेमाला यांच्या तक्रारीवर डिसेंबर 2021 मध्ये जो निवाडा भारताविरुद्ध गेला, त्यात केंद्राच्या एफआरपीबरोबर (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) काही राज्यांचे ऊसदरही मोजले गेले. भारताने अपील केलं आहे आणि अपील मंडळच बंद पडल्यामुळे ते तसंच आहे. राज्याने पैसा घालायचाच असेल तर शीतगृह, प्रतवारी, रोगमुक्त कलमं, रसप्रक्रिया यांत घालावा. तो वादात सापडत नाही आणि शुल्क वाढलं तरी वाया जात नाही.

गोव्याचं उदाहरण थोडक्यात. लोहाचं प्रमाण 58 टक्क्यांखाली असलेल्या लोहखनिजावर निर्यात शुल्क नव्हतं. 22 मे 2022 ला ते 50 टक्के झालं आणि 19 नोव्हेंबर 2022 ला पुन्हा शून्य. गोव्यातलं बहुतेक खनिज याच हलक्या प्रतीचं, देशातले पोलाद कारखाने ते फारसं घेत नाहीत, जातं ते चीनला. खाणी 2018 पासून बंद असताना आधीच काढून ठेवलेल्या मालाचा लिलाव हाच काय तो व्यवहार उरला होता. स्वामित्वधन आणि लिलावाचा पैसा राज्याचा, शुल्क केंद्राचं; केंद्राचं शुल्क वाढलं की खरेदीदार लिलावात तेवढी बोली कमी करतो किंवा येतच नाही. म्हणजे राज्याच्या उत्पन्नातूनच केंद्राचं शुल्क भरलं जातं. डिचोली-सांगे भागात ट्रक, बार्ज आणि गॅरेज यांच्यावर चालणाऱ्या पंचायतींना ते सहा महिने हिशेबात कुठे दाखवायचे हेही कळलं नाही.

नगरपालिका आणि महानगरपालिकांना फटका खर्चाच्या बाजूने बसतो. 21 एप्रिल 2025 पासून पोलादाच्या पत्र्यासारख्या सपाट प्रकारांच्या आयातीवर 200 दिवसांसाठी 12 टक्के संरक्षक शुल्क लागलं. पाणीपुरवठ्याच्या मोठ्या पोलादी जलवाहिन्या याच पत्र्यापासून बनतात. अंदाजपत्रक जुन्या दरसूचीवर, निविदा नव्या भावाने. मग निविदा जादा दराने येतात किंवा ठेकेदार काम अर्धवट ठेवतो. बारा महिन्यांपेक्षा लांबणाऱ्या कामात भावफरकाचं कलम असावं आणि ते पोलादाच्या प्रकाशित निर्देशांकाला बांधलेलं असावं, बिलांना नव्हे. दुसरी बाब: 23 जुलै 2020 च्या आदेशाने भारताच्या सीमेला लागून असलेल्या देशांतल्या निविदाकारांना नोंदणीची अट घातली, आणि घटनेच्या कलम 257 चा आधार घेऊन ती राज्यांच्या खरेदीलाही लावली. निविदेत त्याचं प्रमाणपत्र मागायचं राहिलं तर पंप, एलईडी दिवे, बस यांची निविदा नंतर अडकते. ब्रिटनबरोबर जुलै 2025 मध्ये झालेल्या करारात सरकारी खरेदी खुली झाली आहे ती केंद्रीय खात्यांची. राज्यं आणि नगरपालिका त्यात नाहीत, तेव्हा त्या भीतीने निविदेच्या अटी बदलू नका.

आता आदेश येऊन थडकला की काय करायचं. आदेशाची प्रत मिळवा, बातमीवर विसंबू नका. सही कोणाची आहे ते बघा: परकीय व्यापार महासंचालनालयाची असेल तर बंदी, कोटा किंवा किमान मूल्य, अर्थ मंत्रालयाची असेल तर शुल्क. मालाचा संकेतांक (कांद्याचा 0703 10 ने सुरू होतो), लागू होण्याची वेळ, मुदत आणि परिच्छेद 1.05 चं वाक्य, एवढं तपासा. त्याच दिवशी समितीने आपल्या निर्यातदारांकडून एक तक्ता भरून घ्यावा: किती कंटेनर जहाजावर, किती सीमाशुल्क खात्याच्या ताब्यात, किती रस्त्यावर, किती क्विंटल खळ्यावर. जिल्हाधिकाऱ्यांना आणि पुण्याच्या पणन संचालनालयाला हाच तक्ता लागतो, आणि सवलत मिळाली तर ती या रकान्यांप्रमाणेच मिळते.

लिलाव बंद ठेवणं हा निषेध समजण्यासारखा आहे, पण लाल कांद्याच्या दिवसांत त्याची किंमत शेतकरीच मोजतो. बाजार उघडतो त्या दिवशी अडकलेल्या सगळ्या ट्रॉल्या एकदम येतात आणि भाव दुसऱ्यांदा पडतो. बंद पडलाच तर उघडताना गावनिहाय वार ठरवून आवक आवरा.

निवेदन कुणाला द्यायचं, इथे बहुतेक जण चुकतात. सही वाणिज्य मंत्रालयाची असली तरी कांद्यावरचा विचार होतो तो ग्राहक व्यवहार खात्यात, आणि तिथे बघतात शहरातला किरकोळ भाव आणि पुढचे आठ-दहा आठवडे पुरवठा होईल की नाही ते. ‘भाव पडले, शेतकरी अडचणीत’ या वाक्याला तिथे वजन नसतं. वजन असतं ते या आकड्यांना: तालुक्यात चाळीत उरलेला साठा, त्यातला खराब झालेला भाग, लागवडीखालचं क्षेत्र, नवा कांदा कोणत्या आठवड्यात किती येणार, आणि गेल्या तीन वर्षांच्या त्याच आठवड्यांची आवक-भावाची रोजची नोंद. हे आकडे राज्याकडून मुख्य सचिवांच्या पत्राने गेले पाहिजेत, आणि मुदत संपायच्या तीन आठवडे आधी. मुदतवाढ जाहीर झाल्यावर दिलेलं निवेदन फक्त पोच घेण्यापुरतं उरतं.

अंदाजपत्रकात समितीने सेसचं उत्पन्न दोनदा मांडावं, एकदा निर्यात चालू धरून आणि एकदा तीन महिने बंद धरून. पगार, वीज, सुरक्षा, स्वच्छता हे दुसऱ्या आकड्यात बसले पाहिजेत. शेड, काँक्रिटीकरण, नवं कार्यालय पहिल्या आणि दुसऱ्या आकड्यातल्या फरकातून, तेही तो पैसा हातात आल्यावर. तेजीच्या वर्षाच्या भरवशावर कर्ज काढून बांधलेल्या इमारतीचे हप्ते बंदीच्या वर्षातही भरावे लागतात.